समुद्रावरचा मधुचंद्र आणि अकरा क्विंटल सोयाबीन



या सदरात आपण बहुधा बियाणे, खते, फवारणी यांचेच बोलतो. आज जरा निराळा विषय घेतो आहे. निराळा असला तरी तो शेतकऱ्याच्या घरातलाच आहे, आणि माझ्या टेबलापर्यंत तो एका शेतकऱ्यानेच आणला.

२०२४ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. लोहा तालुक्यातल्या एका गावचे, माझ्या जुन्या ओळखीचे शेतकरी कार्यालयात आले. रब्बीची घाई चालू होती. हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे विचारायला आले असतील म्हणून मी ट्रायकोडर्माचे पुडके पुढे सरकवले. त्यांनी ते बाजूला ठेवले, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "साहेब, त्ये क्रूझ का काय म्हणतेत, त्यातलं माणूस बुडत तर नाही ना?"

मला काही उलगडा होईना. मग त्यांनी सगळे सांगितले. थोरल्या मुलाचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलेले. मुलगी लातूर शहरातली, बाप मोंढ्यात मुनीम. आणि मुलगा म्हणत होता की लग्न झाले की बायकोला घेऊन जहाजाने मुंबईहून गोव्याला जाणार. दोन रात्री समुद्रावर. दोघांचे तिकीट शेहेचाळीस हजार.

मी आधी हसलो, हे कबूल करतो. सात एकर कोरडवाहू आणि विहिरीवर जेमतेम भिजणारे दोन एकर, एवढ्या शेतीवर जहाजातला मधुचंद्र म्हणजे खूळच, असे माझ्या तोंडावर आले होते. पण त्यांनी पुढचे सांगितले आणि मी गप्प बसलो.

या मुलासाठी तीन वर्षे मुलगी पाहणे चालू होते. मुलगा निर्व्यसनी, बारावी शिकलेला, कामाला वाघ. पण शेती करतो म्हटले की पुढचे बोलणेच थांबायचे. हे दुखणे आपल्या भागात किती घरांत आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. अखेर लातूरचे हे स्थळ आले. पाहण्याच्या कार्यक्रमात वडीलमंडळींनी दोघांना गच्चीवर पाच मिनिटे बोलायला दिली. मुलाने विचारले, काही विचारायचे आहे का? मुलगी म्हणाली, "मी अजून समुद्र पाहिला नाही. तुम्ही पाहिलाय का?" मुलानेही पाहिला नव्हता. तो म्हणाला, "मग दोघं मिळून पाहू." एवढ्या बोलण्यावर मुलीने होकार दिला होता.

"आता शब्द दिलाय तर पाळावा लागतो," बाप म्हणाले. "पण घरची मनती, आधी तुळजापूर, मग माहूर, मग मालेगावचा खंडोबा. देवाच्या आधी पाण्यावर पाय ठेवायचा नाही."

वाचकहो, त्या माउलीचे काही चुकत नव्हते. आपल्याकडे नव्या जोडप्याचा प्रवास म्हणजे देवदर्शनच. माझे लग्न १९९७ सालचे. आम्ही एसटीने माहूरला गेलो तेव्हा आम्हा दोघांबरोबर नऊ माणसे होती आणि डबे वेगळेच. बायको खिडकीपाशी माझ्या मावशीजवळ बसली, मी मागच्या बाकावर मामांजवळ. मग पाचपरतावण, मग सण, मग आखाड पाळायला ती माहेरी. तिच्याशी माझे पहिले निवांत बोलणे झाले ते लग्नानंतर चार महिन्यांनी, आई दवाखान्यात भरती होती तेव्हा, तिथल्या व्हरांड्यातल्या बाकावर. हे काही कौतुकाने सांगत नाही.

लोह्याच्या त्या घरात मी जाऊन आलो आहे. दोन खणांचे माळवद आणि पुढे पत्र्याची पडवी. एका खणात धान्याची पोती, देव्हारा आणि आजी. दुसऱ्या खणात चूल. मुलगा पडवीत झोपायचा. सून आल्यावर पडवीला जुन्या साडीचा पडदा लावायचे ठरले होते. म्हणून मी त्या बापाला सांगितले, की पोरगा मागतो आहे ते जहाज नाही, कडी लागणारे दार आहे. जहाजात ते दोन रात्री मिळते, एवढेच. ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले.

आता या जहाजाच्या प्रवासाची थोडी माहिती देतो, कारण आपल्या नांदेड-लातूरकडच्या माणसाला समुद्र परका. कोकणातल्या माणसाला आगबोटीचे काही अप्रूप नव्हते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जायची. चाकरमानी, त्यांच्या ट्रंका, आंब्याच्या पेट्या सगळे त्याच बोटीत. काही बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. होडीतून जाऊन मधल्या पाण्यात तिच्यावर चढावे लागे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असायची. पुढे रस्ते सुधारले, एसटी वाढली, बोटी बंद पडल्या आणि १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली.

त्यानंतर याच वाटेवर मौजेची जहाजे आली. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली. नाव कान्होजी आंग्र्यांची आठवण देणारे. ती काही फार काळ चालली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया'चे मोठे जहाज मुंबईहून सुटू लागले. हे जहाज १९९० सालचे, फ्रान्समध्ये बांधलेले. जेवणघरे, नाटकगृह, पोहण्याचा हौद, असे सगळे एका लोखंडी पोटात बसवलेले असते. एवढे लोखंड तरंगते कसे, हा प्रश्न त्या बापानेही विचारला. पितळी घागर विहिरीत उपडी न करता अलगद सोडा, तरंगते. पाणी आत शिरले की जाते तळाला. जहाजाचेही तेच.

आता खर्चाकडे येऊ. शेहेचाळीस हजार म्हणजे किती? त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण मोंढ्यात त्यांच्या मालाला ४,२०० च्या आसपासच भाव मिळाला. त्या भावाने हे अकरा क्विंटल सोयाबीन झाले. एकरी सात क्विंटल उतारा धरला तर दीड एकराहून जास्त रानाचे सगळे पीक, तेही बियाणे, खत, फवारणी, काढणी यांचा खर्च वजा न करता. हा हिशेब मी कागदावर मांडून बापलेकांपुढे ठेवला. मुलाचा चेहरा उतरला.

मग दुसरा कागद घेतला, लग्नाच्या खर्चाचा. डीजे आणि वरातीचे लायटिंग पंचेचाळीस हजार. पाहुण्यांना फेटे, टोप्या, उपरणी आणि बायकांना साड्या, ज्या कोणी नेसत नाही आणि पुढच्या लग्नात फिरतात, त्यांचे तीस हजार. मुलगा लगेच म्हणाला, "डीजे नको, आहेर नको. हलगी लावू." बाप म्हणाले, "भावकी काय म्हणंल?" यावर दोन दिवस घरात वाद झाला असे ऐकले. शेवटी लग्न हलगीवर झाले. भावकीने जे म्हणायचे ते म्हटले.

या ठिकाणी एक गोष्ट निक्षून सांगतो. अशा सहलीसाठी पीककर्जाला हात लावू नका. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शेतकऱ्याला बिनव्याजी पडते. तारीख हुकली की ही सवलत गेली. मोबाइलवर 'आता जा, मग हप्ते भरा' अशा जाहिराती येतात, त्यांच्याकडे तर पाहूही नका. लग्नातल्या दिखाव्यातून वाचवून जाता येत असेल तर जावे. नाहीतर तुळजापूरला दोघांनीच जावे, भक्तनिवासात खोली घ्यावी. आई भवानी काही रागावणार नाही.

तिकिटात काय येते तेही पाहून घ्यावे. साधारणपणे खोली, ठरलेले जेवण आणि करमणुकीचे काही कार्यक्रम येतात. बंदरावर उतरून फिरणे, दारू, खास जेवणघरे यांचे पैसे वेगळे. जुगाराचे दालनही असते. तिकडे फिरकू नये. खोल्या तीन तऱ्हेच्या: आतली बिनखिडकीची, खिडकीची आणि सज्जाची. आमच्या जोडप्याने आतलीच घेतली. आणि नव्या सुनांनी हे ध्यानात ठेवावे की तिकिटावरचे नाव आधारकार्डाप्रमाणे हवे. लग्नात नाव बदलले म्हणून तिकीट सासरच्या नावाने काढले आणि आधारवर माहेरचे नाव असले, तर धक्क्यावरच खोळंबा व्हायचा.

हंगामाचे मात्र मी अधिकाराने बोलतो, कारण हवामानाचे पत्रक वाचणे हे माझे रोजचेच काम आहे. आपल्याकडे बहुतेक लग्ने एप्रिल-मेमध्ये, शेतीची कामे आटोपल्यावर होतात. समुद्रासाठी मेचा उत्तरार्ध बरा नव्हे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा कामगारांचा तराफा बुडाला आणि कितीतरी माणसे दगावली. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ अलिबागेकडच्या किनाऱ्यावर आदळले. आणि आपल्या महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना 'रामदास' बोट आठवत असेल. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसे गेली. ती लहान बोट होती, भर पावसाळा होता. आजच्या मोठ्या जहाजाशी तिची बरोबरी नाही. तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो, तेव्हाच जावे. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त या कामी सोयीचे.

लग्न झाले. तुळजापूर, माहूर, मालेगाव तिन्ही ठिकाणी जाऊन आले. जानेवारी २०२५ मध्ये दोघे नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेले आणि बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून जहाजात चढले. परत आल्यावर दोघे मला भेटायला आले, तेव्हा ऐकलेले सांगतो.

चढल्याबरोबर सगळ्यांना एका जागी जमवून जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे ते दाखवले. भोंग्याचे सात लहान आणि एक लांब आवाज झाले की नेमून दिलेल्या जागी जायचे, हेही सांगितले. काही प्रवासी हसत होते, मोबाइलवर फोटो काढत होते. यात हसण्यासारखे काही नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रचंड जहाज खडकावर घासून कलंडले. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ही तालीम तेव्हा व्हायचीच होती. बत्तीस माणसे गेली. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच तालीम घेण्याचा नियम झाला.

संध्याकाळी जहाज हलले. मुंबई मागे पडली आणि थळच्या समोर खांदेरीचा दीपस्तंभ दिसला. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये सिद्दी आणि इंग्रज यांच्या डोळ्यांदेखत ज्या बेटावर किल्ला उभारायला घेतला, ते हे बेट. २०२५ च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत आपले जे किल्ले गेले, त्यांत खांदेरीही आहे. मुलगा हे सगळे बायकोला सांगणार होता. वाचून पाठ करून गेला होता. पण तेवढ्यात त्याला मळमळायला लागले. दिवसभर ट्रॅक्टरवर हिंदकळणारा गडी समुद्राच्या डुलण्याने पार आडवा झाला. सुनेला काहीच झाले नाही. तिने आल्याचा तुकडा त्याला चघळायला दिला आणि त्याला उघड्या डेकवर नेऊन बसवले. हा उपाय बरोबर आहे. लांब क्षितिजाकडे पाहत बसावे, खोली शक्यतो जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्यावी. गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी डॉक्टरला विचारून घ्यावी.

किनारा सुटला की मोबाइलची रेंज जाते. कधीकधी जहाजाचे स्वतःचे उपग्रहावरचे नेटवर्क फोन आपोआप धरतो आणि त्याचे दर भयंकर असतात. म्हणून फोन विमानाच्या मोडवर ठेवावा. यांनी तो ठेवला. घरी आईला मात्र हे आधी सांगून ठेवायला विसरले. रात्रभर फोन लागेना म्हणून त्या माउलीने देव पाण्यात घातले, आणि पहाटे बापाने मला उठवले. मी तरी लोह्यात बसून समुद्राचे काय सांगणार? तेव्हा जाणाऱ्यांनी घरच्यांना हे सांगून जावे.

आता जे ऐकून मी खरोखर थांबलो ते सांगतो. सून म्हणाली, "साहेब, खोलीत गेल्यावर मी न्हाणीचा नळ सोडला. एवढ्या जोरात पाणी आलं, की मी आधी नळ बंद केला. सवयच तशी." ती लातूरची, हे मी विसरलो होतो. २०१६ च्या उन्हाळ्यात ती आठवीत होती. त्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा १४४ कलमाचा आदेश लागला होता. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. लोक तिला जलदूत म्हणाले. ही मुलगी शाळा सुटली की घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची.

तिने खोली आवरायला येणाऱ्या मुलाला विचारले, एवढे पाणी आणता कुठून? तो सिंधुदुर्गाकडचा निघाला. म्हणाला, "ताई, समुद्राचंच. जहाजातच गोडं करतात." तिला पटेना, म्हणून माझ्याकडे खात्री करायला आली होती. खरे आहे ते. एक तऱ्हा अशी, की इंजिनाच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ करायची आणि ती थंड करून पाणी धरायचे. दुसरी तऱ्हा तुमच्या गावातल्या जारच्या पाण्याच्या प्लांटसारखीच, फक्त दाब फार मोठा. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, ते पडद्याने अडवायचे. जहाजावर दोन हजार माणसे धरली आणि माणशी दोनशे लिटर धरले, तर दिवसाला चार लाख लिटर होते. म्हणजे त्या पहिल्या जलदूताच्या जवळपास, रोज.

लगेच कोणी म्हणेल, मग समुद्राचे पाणी मराठवाड्याला का देत नाहीत? हजार लिटर गोडे करायला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते, आणि मग ते सह्याद्री चढवून इथवर आणायचे. पिण्यासाठी एक वेळ परवडेल, सोयाबीनला नाही. आपल्याला आपल्या बांधातलेच पाणी अडवावे लागणार.

ती पुढे म्हणाली की दुसऱ्या रात्री दोघे पहाटेपर्यंत बोलत बसले होते. काय बोलले ते मी विचारले नाही, पण थोडे त्यांनीच सांगितले. तिला बी.कॉम.चे शेवटचे वर्ष पुरे करायचे होते, ते तिने घरात कोणाला सांगितले नव्हते. आणि त्याच्यावर कृषी सेवा केंद्राची अठरा हजारांची उधारी होती, ती त्याने बापापासून लपवली होती. गोव्याहून रेल्वेने परत येईपर्यंत दोघांनी ती कशी फेडायची हे ठरवले होते. मुनिमाची मुलगी, आता घरातली हिशेबाची वही तिच्याकडे आहे. परीक्षेचा अर्जही भरला गेला.

सासरेबुवा मात्र महिनाभराने कुरकुरत आले. "साहेब, शेहेचाळीस हजार गेले ते गेलेच. आता पोरगं पडवीला भिंत आन् दार मागायलंय. विटा, सिमेंट, चौकट धरून बावीस हजार सांगितले मिस्त्रीनं." मी विचारले, मग काय ठरवले? म्हणाले, "घालतो मनलं. तुरीचे पैसे आले की."

त्या भेटीत सुनेने सासूबाईंसाठी आणलेली एक बाटली दाखवली होती. गोव्याच्या किनाऱ्यावर भरलेले समुद्राचे पाणी. सासूबाईंनी ते देव्हाऱ्यात ठेवले, पण त्यातले पेलाभर मी मागून घेतले. माती परीक्षण प्रयोगशाळेत क्षारता मोजली, पन्नासच्या जवळ आली. पिकाच्या पाण्याची तीनच्या वर गेली की आपण सावध होतो. हे सांगितल्यावर आजी पडवीतून म्हणाल्या, "मग आपल्या खालच्या रानातल्या बोरचं बघा की. त्या पाण्यानं हरभरा पिवळा पडायलाय." कोणीच तोवर ते तपासले नव्हते. मुलगा उठला, बोर अर्धा तास चालू ठेवून मग स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी भरून घेऊन आला. सुनेने बाटलीवर गट क्रमांक आणि तारीख लिहिली. त्या नमुन्याचा निकाल काय आला आणि तशा पाण्यावर हरभरा कसा सांभाळायचा, ते पुढच्या अंकात.